पिकअपवरच्या एलईडी बारचा फ्यूज वारंवार उडतो, दिवा लुकलुकतो : दोष शोधायचा कसा

बोलेरो पिकअप असो, योद्धा असो, व्ही-क्रॉस किंवा हायलक्स असो, बाहेरून बसवलेल्या दिव्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बार लागतो आणि दहा मिनिटांत विझतो. चाक खड्ड्यात गेले की लुकलुकतो. पाऊस लागला की फ्यूज जातो. मग नवा फ्यूज, तोही गेला की जरा मोठा फ्यूज, आणि शेवटी 'पीसच खराब आला' म्हणून दुसरा दिवा. दुसऱ्या दिव्याचेही तेच होते, कारण दोष दिव्यात क्वचित असतो. तो असतो बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या दोन-तीन मीटरांत, आणि तिथेही वायरीपेक्षा जोडांत.

म्हणून पक्कड हातात घेण्याआधी बिघाड नेमका कधी होतो ते पक्के करा. निम्मे निदान तिथेच होते.

बटण दाबताक्षणी फ्यूज उडत असेल तर सरळ शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटांनी उडत असेल तर शॉर्ट नाही. भाराच्या मानाने फ्यूज लहान आहे किंवा होल्डर तापतो आहे. फक्त खड्ड्यांत उडत असेल तर कुठेतरी वायर पत्र्याला घासून सोलली गेली आहे. फ्यूज शाबूत, पण दिवा खड्ड्यांत लुकलुकतो, म्हणजे लूज जोड. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच त्रास होत असेल तर आधी कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडा. कायमच मंद जळत असेल तर वाटेत व्होल्टेज खाल्ले जाते आहे. आणि सुरुवातीला लख्ख, गाडी उभी राहिली की हळूहळू मंद, पळू लागली की पुन्हा लख्ख, असे असेल तर वायरिंगला हातच लावू नका. त्याचे कारण खाली येईल.

पुढचे सगळे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. २४ व्होल्टच्या ट्रकवर पद्धत तीच, आकडे वेगळे.

उडालेला फ्यूज आधी नीट पाहा

फ्यूज उजेडात धरा. आतली पट्टी पार उडून प्लास्टिक आतून काळवंडले असेल तर क्षणात मोठा करंट गेला, म्हणजे शॉर्ट. पट्टी मधोमध वितळून छोटीशी फट पडली असेल आणि प्लास्टिक बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर भार थोडाच जास्त होता, पण बराच वेळ होता. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: पट्टी शाबूत, पण एका पायाजवळचे प्लास्टिक वितळून वाकडे झालेले. इथे फ्यूजचा काही दोष नाही. होल्डरची पकड सैल आहे. त्या जागी ०.१ ओहम एवढाच रोध आला आणि १० अँपियर करंट गेला तरी तिथे १० वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. अशा होल्डरमध्ये नवा फ्यूज घालणे व्यर्थ आहे, होल्डरच कापून टाका.

आणि फ्यूज मोठा घालायची घाई नको. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर हिरवा ३० अँपियरचा फ्यूज घातला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायरच पेटू शकते, आणि ती जाते बोनेटखालून, गाडीच्या मूळ वायरिंगला चिकटून. रंग लक्षात ठेवा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा पारदर्शक २५, हिरवा ३०.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळू नका, बल्ब लावा

डबाभर फ्यूज उडवून शॉर्ट सापडत नाही. जुना हॅलोजन हेडलाइट बल्ब घ्या, ५५ वॅटचा. त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडा आणि दुसऱ्या टोकांना जळक्या फ्यूजचे दोन पाय सोल्डर करा. हे फ्यूजच्या जागी घातले की कितीही शॉर्ट असला तरी बल्बमधून साडेचार-पाच अँपियरपलीकडे काही जात नाही. काही जळत नाही, आणि शॉर्ट चालू आहे की नाही ते बल्ब सतत दाखवत राहतो. बल्ब तापतो, तो प्लास्टिकवर किंवा बॅटरीवर ठेवू नका.

आता दिव्याचा कपलर सोडवा, बटण चालू करा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. मग रिलेकडे वळा: बटणाच्या छोट्या करंटने दिव्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी ती डबी. रिले उपटा. बल्ब विझला तर दोष रिलेच्या पुढे, दिव्याकडे जाणाऱ्या वायरीत. तरीही जळत राहिला तर फ्यूज आणि रिले यांच्यामधल्या तुकड्यात. मग त्या भागाची वायर वीतवीत धरून हलवत चला. ज्या जागी बल्ब फडफडेल त्या जागेची टेप सोडा. बहुतेक वेळा ती जागा यांपैकी एक असते: रेडिएटरच्या वरच्या पट्टीची धार, ग्रिलच्या मागचा हॉर्नचा ब्रॅकेट, बोनेटची बिजागरी, आणि केबिनमध्ये बटणाची वायर नेण्यासाठी पत्र्याला पाडलेले, ग्रोमेट (रबरी कडे) न घातलेले भोक. शेवटच्या ठिकाणी पत्र्याची धार वायरीला रोज थोडी थोडी कापत असते; बसवल्यापासून सहा महिन्यांनी 'अचानक' शॉर्ट होतो तो इथलाच.

कपलर सुटा असताना बल्ब विझलेलाच राहिला तर वायरिंग ठीक आहे. मग कपलर जोडून पाहा. बल्ब मंद पेटेल, बार लुकलुकेल. बल्ब मध्ये असल्याने ते होणारच, तो दोष नव्हे. पण बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि बार अंधारातच राहिला, तर मात्र दिवा किंवा त्याची शेपटी (दिव्यातून निघालेली वायर) आतून गेली आहे.

मंद दिवा आणि तापणारी वायर : चालू दिव्यावर मोजा

मल्टिमीटरची 'बीप' ऐकून वायर चांगली ठरवणे ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. चाळीस तारांपैकी एकच तार धरून राहिली असेल तरी बीप वाजते. त्या एका तारेतून १० अँपियर मात्र जात नाहीत. म्हणून माप दिवा चालू असतानाच घ्यायचे.

इंजिन चालू, दिवे चालू, मीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर माप घ्या. क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवर, कारण कधीकधी दोष त्या दोघांच्या मध्येच असतो. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतील. आता दिव्याच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने टोके सरकवून माप घ्या. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर शोध पुढे चालू.

लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळे टोक दिव्याच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्टेज प्लसच्या वाटेत खाल्ले जाते आहे. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरे दिव्याच्या मायनसवर. हा अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या वाटेचा, तोटा. ज्या बाजूचा आकडा मोठा, त्या बाजूचा एकेक जोड तसाच तपासा: थिंबलच्या (वायरीच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कड्याच्या) अलीकडे-पलीकडे, फ्यूजच्या दोन पायांवर, रिलेच्या ३० आणि ८७ क्रमांकाच्या पायांवर. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आतच आकडा येतो. कुठे ०.४ किंवा ०.६ दिसले की थांबा, दोष तिथे आहे.

सगळे जोड चांगले निघाले आणि तरी तोटा मोठा असेल तर वायर बारीक आहे. हिशेब सोपा. तांब्याच्या १ चौ. मिमी लवचीक वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१९५ ओहम, अडीचचा ०.००८, चारचा ०.००५. दिवा १० अँपियर घेतो आणि जाऊन-येऊन वायर ६ मीटर भरते असे धरा. १ चौ. मिमीमध्ये १.१७ व्होल्ट गेले, अडीचमध्ये ०.४८, चारमध्ये ०.३. चांगल्या प्रतीच्या बहुतेक दिव्यांतले ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारे सर्किट) ठरलेले वॅट पुरे करायला बघतात, म्हणजे व्होल्टेज कमी पडले की ते करंट जास्त ओढतात. बारीक वायरीवर असा दिवा मंद दिसतोच असे नाही. वायर मात्र तापते आणि फ्यूज कडेवर येतो. 'दिवा तर चांगला जळतो, मग फ्यूज का जातो' याचे एक उत्तर हे आहे.

दिवा खरोखर किती करंट घेतो हेही मोजून घ्या. खोक्यावर १२० वॅट लिहिलेले असते ते बऱ्याचदा '४० एलईडी गुणिले ३ वॅट' असा हिशेब असतो, प्रत्यक्षात बार त्याच्या निम्मेच घेतो. मोजायला डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरगुती वायरमनकडचा स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवतो. तो नसेल तर साध्या मल्टिमीटरचे १० अँपियरचे सॉकेट फ्यूजच्या जागी जोडून चालते, पण काही सेकंदच, आणि १० अँपियरच्या आतल्या भारालाच.

अर्थ

मंद आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांत सर्वांत जास्त वेळा इथेच घोटाळा सापडतो, आणि सर्वांत कमी वेळा इथे पाहिले जाते. दिव्याची काळी वायर बंपरच्या किंवा ब्रॅकेटच्या नटाखाली दाबलेली असते. ब्रॅकेटला पावडर कोटिंग, बंपरला रंग, बोल्टला गंज. पहिल्या दिवशी बोल्टच्या आट्यांतून कसाबसा अर्थ मिळतो, एक पावसाळा गेला की तोही जातो. काही गाड्यांना पुढचा बंपरच प्लास्टिकचा असतो आणि आतली पट्टी रबरावर बसलेली, तिथला अर्थ तर नशिबाचाच.

जागा निवडताना इंजिन खोलीत कंपनीने जिथे स्वतःचा अर्थ घेतला आहे तिथेच घ्या. स्वतंत्र जागा करायची असेल तर रुपयाएवढा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, थिंबल बसवून ६ किंवा ८ मिमीचा बोल्ट घट्ट करा, आणि नंतर वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी नव्हे. सरळ बॅटरीच्या मायनसवर नेले तरी चालते, मात्र तिथे क्लॅम्पला चिकटलेला छोटा सेन्सर आणि त्याचा कपलर दिसत असेल तर खुंटीवर काही जोडू नका. त्या सेन्सरला बॅटरीतून गेलेला सगळा करंट कळायला हवा. सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला अर्थ घ्या.

हौद्यावर मागे लावलेला वर्किंग लाइट हा वेगळाच ताप. हौदा चेसिसवर बोल्टांनी बसवलेला असतो, मध्ये लाकूड किंवा रबर असते, वर रंगाचे दोन-तीन थर. हौद्याच्या पत्र्याला घेतलेला अर्थ रिकाम्या गाडीत चालतो आणि माल भरला की जातो, किंवा उलट. काळी वायर हौद्यावरून खाली उतरवून चेसिसच्या उभ्या पट्टीवर घ्या आणि हौदा व चेसिस यांमध्ये वायरीला थोडी ढील ठेवा. मागपर्यंत एकेरी अंतर साडेचार-पाच मीटर भरते, म्हणून प्लसला अडीचची वायर हवीच, दोन दिवे असतील तर चारची.

रिले

चार पायांच्या रिलेत ३० वर बॅटरीचा प्लस, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ या कॉइलच्या दोन बाजू. कॉइल फक्त दीडशे मिलिअँपियरच्या आसपास करंट घेते, म्हणून बटणाची वायर अर्धा चौ. मिमीची असली तरी पुरते.

बटण बंद केल्यावर दिवा लागतो आणि चालू केल्यावर विझतो, असा विचित्र प्रकार आला तर कुणीतरी पाच पायांचा रिले घालून मधल्या ८७ए वर दिवा जोडला आहे. ८७ए रिले सुटलेला असताना जोडलेला असतो. बाजारात पाच पायांचे दुसरेही रिले मिळतात, ज्यांत मधला पायही ८७ च असतो. दिसायला दोन्ही सारखे; पाठीवरची आकृती वाचल्याशिवाय बदलू नका.

रिले 'टक' करतो पण दिवा लागत नाही: कॉइल ठीक आहे, आतला कॉन्टॅक्ट जळला आहे किंवा ८७ च्या पुढे वायर तुटली आहे. रिले अजिबात वाजत नाही: ८५-८६ वर मीटर लावा. १२ व्होल्ट दिसत असतील तर रिले गेला, नसतील तर बटण, त्याचा फ्यूज किंवा कॉइलचा अर्थ.

रिले टरटर वाजतो आणि दिवा थरथरतो, ही नव्या गाड्यांवरची तक्रार आहे. बहुतेक वेळा बटणाचा प्लस हेडलाइट किंवा डीआरएलच्या (दिवसा जळणाऱ्या दिव्यांच्या) वायरीवरून चोरलेला असतो. त्या वायरीत सलग करंट नसतो, गाडीचा कंट्रोल मॉड्यूल तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून तेज राखतो. इंजिन चालू असताना त्या वायरीवर मीटर ९-१० व्होल्ट दाखवत असेल तर हाच प्रकार. तिथून ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारा प्लस, घेऊ नका. केबिनमधल्या फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा साधा फ्यूज शोधा, सिगारेट लायटर सॉकेटचा चालतो, आणि तिथे फ्यूज टॅप (त्याच जागेतून नवे सर्किट काढणारा जोड) घाला. टॅपला दिशा असते: उलटा बसला तर नव्या सर्किटचा भारही जुन्या फ्यूजमधून जातो. एअरबॅग, एबीएस (ब्रेक) आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कंट्रोलरच्या) फ्यूजला हात लावायचा नाही. टेस्ट लॅम्प घेऊन अंदाजे पिवळ्या-हिरव्या वायरींना टोचत बसणे तर या गाड्यांवर बंदच करा. मीटर वापरा.

जुन्या गाडीत हाय बीमवरून ट्रिगर घ्यायला हरकत नाही. मात्र आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनसच हवे. उलटे झाले तर डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. साध्या रिलेत हा फरक पडत नाही, म्हणून रिले बदलल्याबरोबर फ्यूज उडू लागला तर पहिला संशय इथे घ्या.

रिलेचा बूड वितळलेला दिसला तर रिले नव्हे, आतल्या पिनेची पकड सैल झाली आहे. बेससकट बदला. आणि रिले पाय खाली करूनच बसवा. पाय वर असतील तर पाणी वायरीवरून ओघळत थेट आत जाते.

खोक्यात आलेला हार्नेस

दिव्यासोबत फुकट मिळालेला हार्नेस (वायरींचा तयार संच) वापरायचा की नाही, याचे उत्तर ब्लेडच्या टोकाने मिळते. एक तार बाजूला काढून खरवडा. आत लाल तांबे दिसले तर ठीक. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरे निघाले तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे: तेवढ्याच जाडीला रोध दीडपट किंवा थोडा अधिक, वाकवल्यावर तुटते, ओलाव्यात पांढरी भुकटी होते. उलट, वरून चंदेरी आणि आत लाल असेल तर ते कल्हई केलेले तांबे, आणि ते साध्यापेक्षा चांगले. जाडीवर जाऊ नका. बाहेरून बोटाएवढ्या वायरीत आत काडीएवढे तांबे असते.

सगळे पुन्हा करायचेच असेल तर एका २०-२२ इंची बारसाठी एवढे सामान लागते: लाल आणि काळी अडीचची ऑटो वायर प्रत्येकी ३ ते ४ मीटर, बटणासाठी ०.७५ ची ४ मीटर, झाकण असलेला पाण्यापासून सुरक्षित ब्लेड फ्यूज होल्डर, १५ अँपियरचा फ्यूज, ४० अँपियरचा चार पायांचा रिले बेससह, ८ मिमी छिद्राचे तांब्याचे थिंबल, आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, नालीदार काळी पाइप आणि झिप टाय. घरगुती वायरिंगची अडीचची वायर इथे नको. इंजिनच्या उष्णतेत आणि तेलात तिचे आवरण कडक होऊन तडकते. शिवाय फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. रिलेजवळ बसवलेल्या फ्यूजच्या अलीकडची सगळी वायर उघडी पडलेली असते, आणि तिथे शॉर्ट झाला तर अडवायला काहीच नाही.

मोजलेल्या करंटच्या सव्वा ते दीडपट फ्यूज घ्या. १० अँपियरला १५, ७ अँपियरला १०. वायरीला ते पेलत नसेल तर वायर वाढवा.

जोड कसा करायचा

दोन वायरी पिळून वर काळी टेप: हा जोड नाहीच. उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन पट्टी सुटते, धुळीत पाणी धरते, आणि वर्षभरात आत हिरवे होते. सोल्डर वाईट नाही, पण सोल्डर वायरीत जिथपर्यंत चढते तिथपर्यंत ती कडक होते आणि नेमकी त्याच कडेला थरथरीने तुटते. सोल्डर केलाच तर दोन्ही बाजूंना स्लीव्ह अडीच-तीन सेंटिमीटर पुढे न्या आणि जोड लटकता ठेवू नका.

योग्य मापाचे थिंबल आणि रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड हे सर्वांत टिकाऊ. साध्या पक्कडीने चेपलेले थिंबल हाताने ओढून पाहा. जोर लावून ओढल्यावर सुटले तर ते रस्त्यावर सुटलेच असते.

पाणी

आयपी६७ किंवा ६८ (धूळ-पाणी रोखण्याची प्रत) लिहिलेल्या दिव्यातही काचेमागे वाफ दिसते. कारण बहुधा सील नसून श्वास घेणारी झडप असते. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. तापलेल्या दिव्यावर ओढ्याचे किंवा वॉशिंग सेंटरचे गार पाणी पडले की आतली हवा आकसते आणि ओले खेचते. पाठीमागची छोटी गोल झडप चिखलाने बुजली असेल, किंवा कुणी 'वॉटरप्रूफ' करायला तिच्यावर सिलिकॉन थापले असेल, तर हवा केबल जिथून दिव्यात शिरते त्या तोंडातून ओढली जाते, पाण्यासकट. झडप मऊ ब्रशने साफ करा, सिलिकॉन काढा. थोडी वाफ असेल तर दिवा अर्धा तास चालू ठेवल्यावर निघून जाते. तळाशी पाण्याचे थेंब साचले असतील तर मात्र सील गेलेले आहे.

कपलरचे तोंड वर नको, खाली किंवा आडवे ठेवा. वायर कपलरच्या खाली एक झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून जाईल. पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस लावा. चाकाला लावायचे पिवळे ग्रीस नको. कोकणात आणि गोव्याच्या खाणींच्या रस्त्यांवर जांभ्याची लाल धूळ कपलरच्या रबरावर बसते, रबर नीट दबत नाही आणि फट राहते. पावसाळ्याआधी रबर काढून पुसणे दहा मिनिटांचे काम आहे. प्रेशर गनचे तोंड दिव्याच्या कडेवर आणि कपलरवर कधीच धरू नका.

उभ्या गाडीत मंद होणारा दिवा

हा दोष नाही. एलईडी तापला की ड्रायव्हर स्वतः करंट कमी करतो. शेतात गाडी उभी करून बार लावला, वारा नाही, दिवा थंड ठेवणाऱ्या मागच्या पाकळ्यांत वाळलेला चिखल, मग तो दहा-पंधरा मिनिटांत उतरणारच. खात्री करायची तर कपलरवर व्होल्टेज मोजा: ते तसेच १३ च्या वर आणि करंट मात्र घटलेला, म्हणजे उष्णता. पाकळ्या साफ करा. रात्रभर एका जागी काम असेल तर बारऐवजी फ्लड प्रकारचे (पसरट उजेडाचे) कमी वॅटचे दोन दिवे जास्त शहाणपणाचे.

जाता जाता, ताम्हिणी किंवा आंबोलीत पावसाळी धुक्यात 'बार असून दिसत नाही' हीही तक्रार येते. छपरावरचा पांढरा ६००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) बार धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. तो बंद करा. खाली बंपरच्या उंचीवर ३००० केल्विनचे पिवळे दिवे, तोंड किंचित खाली, एवढाच उपाय.

रस्त्यावर लावायचे नाहीत

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवायला मनाई करतो. अपवाद नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीचा. दिवे ज्यावर बसवले जातात ते बुल बार तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बेकायदा ठरवले. शेतरस्ता, खाण, आडवाट एवढ्यापुरते दिवे वापरणाऱ्यांनीही डांबरी रस्त्यावर ते बंद आणि झाकलेले ठेवावेत. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमच्या बारचे किती वॅट आहेत याच्याशी देणेघेणे नसते, त्याला फक्त रस्ता दिसेनासा होतो.

एफएमवर खरखर, बंद दिव्याचा मिणमिणाट, सकाळी उतरलेली बॅटरी

बार लावला की रेडिओ खरखरतो, कारण ड्रायव्हरचे स्विचिंग. बार सुट्या बॅटरीवर लावून पाहा. खरखर राहिली तर ती हवेतून येते. दिवा अँटेनापासून दूर न्या किंवा बदला. गेली तर वायरीतून येते; दिव्याजवळ दोन्ही वायरी एकत्र फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे देऊन काढा आणि लाल-काळी वायर एकमेकींभोवती पिळून न्या.

बटण बंद असूनही एलईडी मिणमिणत असतील तर दिवा रिलेशिवाय, आत इंडिकेटर असलेल्या बटणावर थेट जोडलेला आहे. इंडिकेटरमधून झिरपणारे काही मिलिअँपियर त्याला पुरतात. रिले घाला.

बॅटरी उतरत असेल तर चावी काढा, दारे बंद करा आणि अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीतले मॉड्यूल झोपतील. मग मायनसचा क्लॅम्प काढून मध्ये मीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावा. ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. दीडशे-दोनशे दिसत असतील तर दिव्याचा रिले उपटा. आकडा एकदम उतरला तर दिवा न लागताही (कपलर सुटा किंवा कॉन्टॅक्ट जळलेला असताना) कॉइलला चोवीस तास करंट मिळतो आहे, म्हणजे ट्रिगर थेट बॅटरीवरून घेतला आहे आणि बटण चालू राहिले आहे. तो चावीच्या लाइनवर न्या. रिले काढूनही आकडा तसाच राहिला तर दिव्यांचा संबंध नाही, फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढत पुढे जा. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज लगेच जातो. आणि हौद्याला किंवा कॅरियरला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीचा मायनस काढा, दिव्यांचे कपलर सोडवा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा.